बेटाभोवतीचे पाणी

गोव्याच्या माणसाला बेट म्हणजे काय ते शिकवावे लागत नाही. दिवाडी, चोडण, सां इस्तेव ही नावे आपण फेरीच्या धक्क्यासकट ओळखतो. आपल्या तिसवाडी महालाला पोर्तुगीज 'इल्यास' म्हणत, म्हणजे सरळ 'बेटे'. त्यामुळे हल्ली घराघरांत ज्या 'किचन आयलंड'चे वेड शिरले आहे, त्याचे नाव प्रथम ऐकले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आधी चोडणची फेरीबोट उभी राहिली, आणि ग्रॅनाइटचा ओटा त्यानंतर.

आमच्या खात्यात चोडणहून येणारी एक सहकारी आहे. तिला तिच्या गावाबद्दल विचारले तर ती जमिनीपेक्षा पाण्याबद्दलच जास्त बोलते. धक्क्यावर रांग केवढी होती, शेवटची बोट किती वाजता, पावसात काय हाल झाले. बेटावर राहणाऱ्याचा दिवस भोवतालचे पाणी ठरवते. स्वयंपाकघरातल्या बेटाचेही अगदी तसेच असते. ते केवढे, कुठल्या रंगाचे, त्यावर दगड कुठला यावर लोक तासन्‌तास बोलतात. त्याच्या चारी बाजूंना मोकळे काय उरणार, हे मात्र कुणी विचारत नाही. आमच्याकडे ते विचारणारी एक व्यक्ती निघाली, म्हणून हा लेख.

ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आपला नेहमीचा ओटा भिंतीला चिकटलेला असतो. आयलंड म्हणजे खोलीच्या मधोमध उभा केलेला सुटा ओटा. खाली कप्पे, वर दगड किंवा लाकूड, एका बाजूला उंच स्टुले. मालिकांतल्या सुना तिथे उभ्या राहून सफरचंद कापतात. (मासे साफ करताना मी अजून एकही सून पाहिलेली नाही.)

आमचे घर फोंडा तालुक्यात आहे. सासऱ्यांनी १९८३ साली बांधले. स्वयंपाकघर चौदा फूट लांब, अकरा फूट रुंद. आजच्या फ्लॅटवाल्यांना हेवा वाटावा असे, पण त्या काळी गावात त्याला कुणी मोठे म्हणत नसत. एका लांब भिंतीला ओटा. दोन्ही आखूड भिंतींना एकेक दार, एक घरात उघडणारे आणि दुसरे मागच्या परसात. जुन्या ओट्याच्या मोरीतून पाणी झिरपू लागले, खालची फळी कुजली, आणि आता सगळेच काढून नवे करू असे ठरले. ठरल्याबरोबर आमच्या कॉलेजात जाणाऱ्या कन्येने 'आयलंड हवे' म्हणून हट्ट धरला, आणि नवऱ्याने तिला अनुमोदन दिले. घरातल्या खर्चाच्या बाबतीत या दोघांचे इतके एकमत मी प्रथमच पाहत होते.

मीही विरोध केला नाही. त्याला कारण होते. गेली वीस वर्षे मी ऑफिसातून येऊन ओट्यापाशी उभी राहते ती भिंतीकडे तोंड करून. मागे मुलगी अभ्यास करत असते, नवरा दिवसभराचे काही सांगत असतो, आणि मी मसाल्याच्या डब्यांकडे पाहत 'हं, हं' करत असते. घरच्यांनी माझी पाठ जितकी पाहिली आहे तितका चेहरा पाहिला नसेल.

पूर्वी असे नव्हते. माझ्या आजोळच्या घरात रांदची कूड काळोखी होती, धुराने भरलेली होती, तिचे कौतुक करण्याचे मला काही कारण नाही. चुलीपुढे बसून आजीचे डोळे गेले. पण ती खाली बसलेली असे, आणि तिच्या भोवती आम्ही सगळे. कुणी आदोळीवर नारळ खवतेय, कुणी पाटावर बसून पेज जेवतेय, कुणी नुसतेच भिंतीला टेकून. बोलणारे एकमेकांच्या तोंडाकडे पाहून बोलत. गोवा मुक्त झाल्यानंतरच्या दशकांत हळूहळू गॅस आला, त्याच्याबरोबर ओटा आला, धूर गेला, वाकणे गेले. बायकांच्या कमरा वाचल्या हे अगदी खरे. पण उभी राहिलेली बाई भिंतीकडे वळली आणि खाली बसलेली माणसे खोलीबाहेर गेली, हेही खरे.

हे काही आपल्याकडेच झाले असे नाही. अमेरिकेत ख्रिस्टीन फ्रेडरिक या बाईंनी १९१३ च्या आपल्या पुस्तकात स्वयंपाकघरातली पावले मोजण्याचा विचार मांडला. कारखान्यात मजुराची हालचाल मोजतात तशी गृहिणीची. पुढे १९२६ साली मार्गारेटे श्युटे-लिहोट्स्की या ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार बाईंनी फ्रँकफुर्टच्या कामगार वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर आखले, ते जगभर गाजले. १.९ मीटर रुंद, ३.४ मीटर लांब, म्हणजे आपल्या मापात साधारण सव्वासहा फूट बाय अकरा. आगगाडीच्या डब्यातल्या स्वयंपाकखोलीवरून बेतलेले. फ्रँकफुर्टच्या सुमारे दहा हजार घरांत ते बसवले गेले. सगळे हाताशी, एकही पाऊल फुकट नाही. पण त्या खोलीत एकाच माणसाने काम करावे अशी तिची रचना. दुसरे कुणी आत शिरले तर अडचणच. आजचे आपले फ्लॅटमधले ओटे याच घराण्यातले. खोलीच्या मध्ये आलेले आयलंड हे एक प्रकारे त्या एकटेपणाला दिलेले उत्तर आहे. म्हणून मला ते हवे होते.

मग आम्ही एका दुकानात गेलो. तिथल्या तरुणाने संगणकावर आमचे स्वयंपाकघर दहा मिनिटांत उभे करून दाखवले. मधोमध सात फूट बाय तीन फुटांचे आयलंड, त्यावर चूल आणि सिंक दोन्ही, पलीकडे तीन उंच स्टुले, वर लोंबते दिवे. चित्र सुंदर होते. पण आयुष्याची वीस वर्षे नकाशे आणि उतारे पाहण्यात गेल्यामुळे मला चित्रात काय आहे यापेक्षा काय नाही ते आधी दिसते. त्या चित्रात एकही दार उघडे नव्हते. ना फ्रिजचे, ना कपाटाचे, ना परसाचे. आणि एकही माणूस नव्हता. मी म्हटले, जरा फ्रिज उघडून दाखवा. तेव्हा कळले की फ्रिज त्याने दिवाणखान्यात नेऊन ठेवला आहे.

तरी नकाशाची प्रत घेऊन आम्ही घरी आलो. जेवणाच्या मेजावर ती पसरून सगळे वाकून पाहत होतो. माई, म्हणजे माझ्या सासूबाई, वॉकर टेकत टेकत आल्या. दोन वर्षांपूर्वी त्यांचे खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन झाले, चालू लागल्या, पण खाली बसणे कायमचे गेले. तोवर रोजचा नारळ त्यांनीच खवायचा असा घरचा नेम होता. आदोळीवर बसायच्या, पाच मिनिटांत सोय तयार. ते गेल्यावर स्वयंपाकघरात त्यांना जागाच उरली नाही. ओट्याशी फार वेळ उभे राहवत नाही, खुर्ची टाकली तर येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात येते. मग त्या वसरीवर बसू लागल्या. मी दारात जाऊन 'आज काय करू' विचारायची आणि त्या 'तुला हवे ते कर' म्हणायच्या. ज्या बाईने पन्नास वर्षे एका घराचे जेवण चालवले, तिच्या तोंडी हे वाक्य मला ऐकवत नसे.

त्यांनी नकाशाकडे पाहिले. चष्मा लावला, पुन्हा पाहिले. आणि इतकेच विचारले, "आनी हांव खंय बसतली गो?"

कुणी काही बोलले नाही. कन्येने नकाशातल्या उंच स्टुलांकडे पाहिले आणि नजर वळवली.

दुसऱ्या दिवशी मी टेप आणि खडू घेऊन बसले. अमेरिकेत स्वयंपाकघरे आखणाऱ्यांची 'नॅशनल किचन अँड बाथ असोसिएशन' नावाची संस्था आहे, तिचे काही ठरलेले आकडे आहेत. एकच माणूस काम करत असेल तर ओटा आणि आयलंड यांत ४२ इंच, म्हणजे साडेतीन फूट मोकळे ठेवावे. दोघे असतील तर ४८ इंच, चार फूट. नुसते ये-जा करण्याची वाट असेल तर ३६ इंच. आणि बसलेल्या माणसाच्या पाठीमागून कुणाला चालत जायचे असेल तर मेजाच्या कडेपासून ४४ इंच. हे आकडे परदेशी म्हणून सोडून देण्यासारखे नाहीत, कारण त्यांचा हिशेब आपल्या घरीही करून पाहता येतो. भांड्यांची खोल ट्रॉली ओढली की सुमारे वीस इंच बाहेर येते. ती ओढणाऱ्या माणसाला मागे उभे राहायला तेवढेच लागते. झाले चाळीस. वर दोन इंच श्वास घ्यायला. साडेतीन फूट हा चैनीचा आकडा नव्हे, हे एका ट्रॉलीवरून सिद्ध होते. उलट पाच फुटांच्या वर गेले तर गरम पातेले घेऊन उगाच चालावे लागते आणि आयलंडचा उपयोगच संपतो.

आमचा मेस्त मात्र ऐकेना. "बाय, अडेच फूट पुरो," म्हणाला, आणि खडूच्या दोन रेघांमधून आडवा होऊन जाऊनही दाखवले. मी माईंचा वॉकर आणून त्याच्या हातात दिला. वॉकर दोन फूट रुंद. धरणाऱ्याची कोपरे बाहेर येतात ती वेगळी. वळायचे म्हटले की तीन फुटांखाली भागत नाही. वॉकर धरून त्या रेघांत एकदा वळल्यावर मेस्ताने आपल्या हाताने रेघ पुसली.

मग खरा प्रश्न आला तो वहिवाटीचा. आमच्या खात्यात निम्मे तंटे वहिवाटीचे असतात. कागदावर जमीन कुणाची का असेना, माणसे पिढ्यान्‌पिढ्या जिथून चालत आली ती वाट अडवली की भांडण होतेच. स्वयंपाकघरालाही वहिवाट असते. आमच्याकडे ती आतल्या दारापासून परसाच्या दारापर्यंत, ओट्यासमोरच्या लांब भिंतीकडेने जाते. मासे मागल्या दाराबाहेर साफ होतात, नारळ तिकडून येतात, केर तिकडे जातो, मांजर दोन्हीकडून येते. ही तीन फुटांची पट्टी मी आधी खडूने आखली आणि घरात जाहीर केले की हिच्यावर कुणाचाही हक्क चालणार नाही.

आता रुंदीचा हिशेब. ओटा दोन फूट, कामाची वाट साडेतीन, वहिवाट तीन. अकरातून साडेआठ गेले, उरले अडीच. म्हणजे आयलंडची रुंदी अडीच फूट, आणि ती आम्ही ठरवली असे म्हणण्यात अर्थ नाही. भोवतालच्या वाटांनी ती ठरवली. लांबीचेही तसेच. एका टोकाला फ्रिज, खोली अडीच फूट. त्याचे दार उघडून माणूस उभा राहायला साडेतीन. दुसऱ्या टोकाला माईंची खुर्ची, ती मागे सरकवून उठायला आणि वॉकर जवळ ठेवायला साडेतीन. चौदातून साडेनऊ वजा. आयलंड साडेचार फूट लांब. दुकानातले सात फूट बाय तीन फुटांचे स्वप्न साडेचार बाय अडीचवर आले.

कन्या हिरमुसली. म्हणाली, एवढ्याला बेट कोण म्हणणार? मी तिला मागच्या अंगणातले तुळशीवृंदावन दाखवले. त्याची बैठक जेमतेम अडीच फूट लांबरुंद असेल. पण चारी बाजूंना फिरायला मोकळी जागा आहे, म्हणून अंगणाचे ते मध्य आहे. उद्या तेच भिंतीला चिकटवून दुप्पट मोठे बांधले तर कुंडी होईल. आपल्या देवळांत गाभाऱ्याभोवती प्रदक्षिणेची वाट असते तीही हेच सांगते. मधोमध काही मांडायचे तर त्याच्याभोवती माणसाला फिरता आले पाहिजे, आणि तेही म्हाताऱ्या माणसाला, हातात ताट असलेल्या माणसाला. आपल्या लोकांना हे कळत होते. स्वयंपाकघराच्या बाबतीत त्याची आठवण ठेवायची इतकेच.

चूल आणि सिंक आयलंडवर न्यायचे नाही असेही ठरले. सिंक नेले की मोरीचे पाणी जमिनीखालून उतार देऊन न्यायचे, म्हणजे सगळी फरशी फोडा. चूल नेली की चिमणी छताला टांगा, आणि बांगडे तळताना उडणारे तेल समोर बसलेल्या माणसाच्या तोंडावर. चूल भिंतीशी राहिली तर माझी पाठ पुन्हा घराकडेच ना, असे नवरा म्हणाला. त्यावर मी एक दिवस घड्याळ लावून पाहिले. तासाभराच्या स्वयंपाकात प्रत्यक्ष चुलीसमोर मी वीस मिनिटेही नव्हते. बाकी सगळे चिरणे, निवडणे, खवणे, मळणे, वाढून घेणे. आपल्या जेवणात खरा वेळ जातो तो विस्तवापाशी जाण्याआधी. तेवढा वेळ तोंड माणसांकडे असले तरी पुष्कळ झाले.

पण मेस्ताला आगाऊ रक्कम देण्याआधी मला चवथ बघायची होती. एरवी आम्ही चौघे. चवथीला दीर, जावा, नणंद, मुले मिळून पंचवीस माणसे, आणि स्वयंपाकघरात एकाच वेळी सहा-सात बायका. नेवऱ्या करायला आम्ही नेहमी जमिनीवर गोल करून बसत आलो. मधली मोकळी जागा अडवली तर तो गोल बसणार कुठे? म्हणून २०२५ च्या चवथीच्या आधी आम्ही लाकडी बाके आणि खोकी रचून, वर प्लायचा तुकडा टाकून नेमके साडेचार बाय अडीचचे खोटे आयलंड उभे केले. एका टोकाला दीड फूट भाग तीस इंच उंचीचा, खालून मोकळा, गुडघे आत जातील असा. बाकीचा चौतीस इंच, कारण उभ्याने कोपर वाकवून त्याखाली चार इंच ही माझी उंची.

जावांनी आल्या आल्या विचारले, हे काय मधेच? मोठ्या जाऊबाईंनी सवयीने जमिनीवर चटई पसरली. पण बसायची वेळ आली तेव्हा लक्षात आले की सहाजणींत खाली बसू शकणाऱ्या दोघीच आहेत. एकीचे गुडघे, एकीची कंबर, नणंदेला डॉक्टरांनी मना केलेली. गेली काही वर्षे त्या कशाबशा बसत होत्या, उठताना एकमेकींना हात देत होत्या, आणि बोलत कुणीच नव्हते. चटई तशीच राहिली. चौघी त्या प्लायभोवती उभ्या राहिल्या, दोघी चटईवर बसल्या, आणि बुटक्या टोकाशी खुर्चीवर माई.

दोन वर्षांनी त्यांच्या हातात सारण आले. पाच मिनिटे त्या गप्प होत्या. मग एकीच्या नेवरीची कड जाड झाली म्हणाल्या. दुसरीला पारी पातळ लाट म्हणाल्या. खतखत्यात तिरफळे घातली का, म्हणून मला विचारले, आणि घातली म्हटल्यावर किती ते विचारले. त्या दिवशी आम्हा सहाजणींना त्यांनी सुखाने काम करू दिले नाही. मी तेल तापवत भिंतीकडे तोंड करून उभी होते, म्हणून माझा चेहरा कुणाला दिसला नाही, ते बरेच झाले.

अडचणीही कळल्या. वहिवाटीवर कुणीतरी नारळांचे पोते ठेवले आणि दिवसभर सगळे त्याला अडखळले. प्लायचे टोकदार कोपरे मुलांच्या कपाळाच्या उंचीवर येत होते, म्हणून दगडाचे कोपरे गोल करायचे ठरले. आणि चटईवरच्या दोघींना वरच्या चौघींशी मान वर करून बोलावे लागत होते. त्यावर उपाय निघालेला नाही. जमिनीवरच्या गोलात सगळी एका पातळीवर असतात, ते ओट्याभोवती होत नाही. ते गेले ते गेलेच.

काम दिवाळीनंतर पुरे झाले. पाहायला येणारे म्हणतात, अगदीच लहान केलेत. काहींना खालून मोकळे सोडलेले ते टोक खटकते. तिथे दोन ट्रॉल्या सहज बसल्या असत्या, असे मेस्तही अजून म्हणतो. तिथे आता ओट्याच्या कडेला घट्ट बसणारी, हाताने फिरवायची खवणी आहे. रोजचा नारळ पुन्हा माईंकडे गेला आहे. आदोळीसारखी सोय हिच्यावर पडत नाही, अशी त्यांची रोजची तक्रार असते, आणि ती मी रोज ऐकून घेते.

कुणी घरात आयलंड करायचे म्हणत असेल तर माझे सांगणे एवढेच. दगडाचा रंग नंतर ठरवा. आधी खोकी रचून आठ दिवस त्याच्याभोवती फिरा, सगळी दारे उघडी टाकून फिरा. घरात जो सर्वांत सावकाश चालतो त्याला एकदा फिरवून आणा, आणि तो वळेल तेवढी जागा सोडा. उरेल ते तुमचे बेट. काहीच उरले नाही, तर भिंतीचा ओटाच बरा. त्याच्यापाशी एक खुर्ची मात्र पायात न येता राहील अशी ठेवा.